सीट चार इंच वर

इतिहासातले मोठे निर्णय माणसं एकांतात, गंभीर चेहऱ्याने आणि पुढच्या पिढ्यांचा विचार करून घेतात. मी कॉलेजात हेच शिकवतो. आमच्या घरातला सर्वात मोठा निर्णय दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, एका बुधवारी सकाळी बाथरूमच्या अर्धवट उघड्या दारातून, तोंडात टूथब्रश असताना जाहीर केला.

"व्हॅनमध्ये डिझेल इंजिन टाकायचं," तो म्हणाला. फेस सांडू नये म्हणून त्याने हनुवटी वर धरली होती, त्यामुळे वाक्याला थोडं वजन आलं इतकंच.

वहिनी बाहेर टेबलावर पडद्याचं कापड पसरून खडूने रेघा मारत होत्या. रेघ मध्येच थांबली.

"काय म्हणाले?" त्यांनी मला विचारलं.

"व्हॅन डिझेल करायची म्हणतोय."

"का?"

"पेट्रोल फार पिते म्हणून."

वहिनींनी ती रेघ पुसली आणि पुन्हा मारली. ती वाकडी आली. वहिनींची रेघ वाकडी आलेली मी वीस वर्षांत पाहिली नव्हती. त्यांना धक्का बसला असणार, हे मला कळलं. कशाचा, ते मात्र कळलं नाही.

आमचं पडद्यांचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर, मागे अंगण आणि अंगणात पत्र्याची शेड. कापड वहिनी निवडतात, बेततात त्याच, कापतात त्याच, आणि गिऱ्हाइकाने कुरकुर केली की त्याला गप्पही त्याच करतात. दादा इस्त्री करतो. एखाद्या नवख्या गिऱ्हाइकाने त्याला विचारलं, "साहेब, हा रंग उन्हाने उडेल का?" तर साहेब वहिनींकडे बघतात. मग गिऱ्हाईकही वहिनींकडे बघतं, आणि पुढे दुकानात साहेब आहेत हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

पण दादा व्हॅन चालवतो. पडदे पोचवायला निघाला, की तो वेगळाच माणूस होतो. पोक जातो, पाठ ताठ होते, आरशात बघून केस सारखे करतो. सव्वीस वर्षांची जुनी पेट्रोल व्हॅन. पण तिच्यात कोणी काय बोलायचं, काच किती खाली करायची आणि कुठल्या गल्लीतून वळायचं, हे सगळं तो ठरवतो. घरातली ही एकच जागा अशी, की जिथे वहिनी मागे बसतात आणि तो पुढे.

त्या व्हॅनला पेट्रोल पुरत नव्हतं. सोमवारी भरलेली टाकी गुरुवारी तळाला जायची. दादाने कार्ब्युरेटर बदलला, प्लग बदलले. टाकी गळते का हे बघायला रात्रभर गाडीखाली पडद्याचं पांढरं अस्तर अंथरून ठेवलं. सकाळी त्यावर एक मांजर झोपलेलं मिळालं, डाग एकही नव्हता. शेवटी त्याने निदान केलं, "वय झालं तिचं. पोटात राहत नाही." आणि मग तो टूथब्रशचा बुधवार आला.

काम करणार होता वहिनींचा धाकटा भाऊ. त्याचं गॅरेज आहे आणि सगळे त्याला बोल्ट म्हणतात, कारण कुठलंही काम पूर्ण झालं की त्याच्या तळहातावर एक बोल्ट उरतो. तो त्याकडे थोडा वेळ बघतो आणि खिशात टाकतो.

"डिझेल," बोल्ट म्हणाला. "नक्की ना, दाजी?"

"नक्की म्हणजे? मी काय गंमत करतोय?"

बोल्टने बहिणीकडे बघितलं. बहीण दाताने दोरा तोडत होती.

"बघा हं. नंतर मला म्हणू नका."

"तुला जमत नसेल तर तसं सांग."

"जमायला काय झालंय? पावाच्या गाडीचं एक इंजिन पडलंय माझ्याकडे. चांगलं आहे. फक्त वास येतो."

"कसला?"

"पावाचा."

इंजिन बदललेली गाडी सरकारी तपासणीला दाखवावी लागते. तारीख मिळाली सात आठवड्यांनंतरच्या शनिवारची. तोवर व्हॅन रस्त्यावर आणायची नाही, आणि नापास झाली तर तिचा नंबरच रद्द. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "नाही झाली पास तर टेम्पो लावू पोचवायला. टेम्पोवाले स्वतःचा ड्रायव्हर घेऊनच येतात." दादा त्या वेळी इस्त्री करत होता. त्याने इस्त्री उभी केली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. पुढची वीस वर्षं त्याला तिच्यात दिसली असावीत.

आता या व्हॅनची रचना सांगायला हवी. तिला पुढे नाक नाही. इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. पेटीचं झाकण उचलावं तशी सीट उचलायची, की खाली इंजिन. म्हणजे नवं इंजिन किती उंच आहे यावर सगळं अवलंबून. ते मोजलं पाहिजे. आणि आमच्या घरात मोजायचं म्हणजे वहिनींच्या टेपने.

ती पिवळी कापडी टेप वहिनींनी लग्नात सोबत आणली. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात दादाने कापडाबरोबर तिचे पहिले दोन इंच कापून टाकले. नवी टेप केव्हाही आणता आली असती. पण वहिनींनी तीच ठेवली, दादाला दिसेल अशा खिळ्यावर. तेव्हापासून घरात काहीही मोजलं की जो आकडा येईल त्यातून दोन वजा करायचे. खिडकी असो, टेबल असो, भाच्याची उंची असो. आमच्याकडची मुलं पाढ्यांच्या आधी दोन वजा करायला शिकतात. आमच्याकडे माणसाला याचा विचार करावा लागत नाही. हात आपोआप वजा करतो.

बोल्टने इंजिन मोजलं. टेपवर अठ्ठावीस आले. घरचाच माणूस, त्याने दोन वजा करून कागदावर सव्वीस लिहिले आणि कागद दादाला दिला. सीटखालच्या पेटीचा नकाशा दादाने स्वतः काढला, रंगीत पेन्सिलींनी, रात्री जेवण झाल्यावर रोज थोडा थोडा. नकाशात पेटीची उंची होती चोवीस. इंजिनाच्या वर मोकळी जागा हातभर सोडा, बोटभरही नव्हती. बोल्टचं म्हणणं होतं की जागा सोडायचं काम दाजींचं, आणि दाजी समजत होते की मेकॅनिकला तेवढं कळत असेलच. बोल्टने नकाशाप्रमाणे पत्रा कापला, अँगल जोडले, आणि आपल्या लोखंडी टेपने तपासलं. चोवीस. नकाशाशी तंतोतंत जुळलं. दोघांनी हात मिळवले.

सातव्या रविवारी सकाळी साखळीच्या कप्पीवरून इंजिन खाली आलं. ते आपल्या जागी बसलं, नटबोल्ट आवळले गेले, गिअरबॉक्सशी जोडलं गेलं. डिझेलच्या गाडीला ब्रेकसाठी वेगळा पंप लागतो, तोही बोल्टने न सांगता लावला. शेडमध्ये खरंच ताज्या पावाचा वास दरवळत होता. शेवटी सीट खाली पाडायचा मान दादाचा. त्याने ती दोन्ही हातांनी सावकाश सोडली.

सीट मध्येच थांबली.

दादाने ती दाबली. मग तो तिच्यावर बसला. सीट इंजिनाच्या माथ्यावर टेकली आणि दादासकट हलकेच पुढे-मागे डुलू लागली.

डुलणं थांबल्यावर बोल्ट म्हणाला, "दाजी, तो कागद काढा."

"कागद बरोबर आहे. चोवीस."

"मी सव्वीस लिहिलं होतं."

"हो. त्यातले दोन मी वजा केले."

"कशाचे?"

"कशाचे म्हणजे? टेपचे."

"टेपचे तर मी आधीच वजा केले होते."

दादा सीटवर होता तसाच राहिला. त्याचं तोंड थोडं उघडं होतं. बोल्ट जमिनीकडे बघत बोटं मोजत होता, जणू वजाबाकी दुसऱ्या हाताने केली तर वेगळी निघेल. तेवढ्यात वहिनी इंजिनच्या पेटीवर चढवायचं रेक्झिनचं कव्हर शिवून घेऊन आल्या. ते चढेना. सगळीकडून ओढलं तरी पेटीचा खालचा भाग उघडाच.

"मला चोवीस सांगितलं होतंत," वहिनी दादाला म्हणाल्या. "मी बावीसचं शिवलं."

यावर मात्र तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळू लागले.

"इंजिन खाली घे," शेवटी दादा म्हणाला.

"खाली अ‍ॅक्सल आहे."

"मग अ‍ॅक्सल खाली घे."

"त्याच्या खाली रस्ता आहे, दाजी."

नवी पेटी करायला वेळ नव्हता, इंजिन पुन्हा उतरवायलाही नव्हता. मग उरलं एकच: सीट वर न्यायची. दोन इंच इंजिनचे. डिझेल इंजिन हादरतं म्हणून एक इंच मोकळा. आणि खालून चटका बसू नये म्हणून एक इंच जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर. चार इंच.

दादाची उंची सहा फूट एक इंच आहे. लोखंडी टेपने.

तो वर चढला, बसला, पाठ नेहमीसारखी ताठ केली आणि त्याचं डोकं छताला टेकलं. आपटलं नाही, नुसतं टेकलं. तो तसाच समोर बघत राहिला. पण समोर त्याला काच नव्हती, काचेच्या वरची पट्टी होती. रस्ता बघायचा तर उजवा कान खांद्याला लावावा लागत होता. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आले होते.

"कसं वाटतंय?" बोल्टने विचारलं.

"ऐसपैस," दादा छताला म्हणाला.

मी तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. वीस वर्षं जी जागा त्याची होती, तिथे तो आता मावत नव्हता, आणि ही गोष्ट त्याच्या डोक्याला सोडून बाकी कुठेही अजून पोचली नव्हती.

इंजिन सुरू करण्याचा समारंभ मंगळवारी संध्याकाळी झाला. किल्ली अर्धी फिरवून छोटा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग पूर्ण फिरवायची. दादाने तसं केलं. एक खोकला, एक काळा ढग, आणि अख्खं अंगण थरथरू लागलं. दुकानात टांगलेल्या पडद्यांच्या कड्या एका सुरात वाजू लागल्या. दादाच्या तिरक्या मानेवरच्या चेहऱ्यावर सात आठवड्यांनी हसू आलं. मनसोक्त ऐकून झाल्यावर त्याने किल्ली बंद केली.

इंजिन चालूच राहिलं.

त्याने किल्ली पुन्हा फिरवली. मग काढली. किल्ली हातात, इंजिन चालू. त्याने ती बोल्टला दाखवली, जणू चुकून भलतीच दिली असावी. मग खिशात ठेवली. फरक पडला नाही.

पेट्रोल इंजिनची ठिणगी तोडली की ते मरतं. डिझेलला ठिणगी लागतच नाही. त्याचं इंधन तोडावं लागतं, आणि त्यासाठी एक तार असते. ती तार बोल्टच्या खिशात होती. दर वेळी उरणाऱ्या बोल्टच्या जागी या वेळी तार उरली होती. तो "फळी, फळी आणा, हवा बंद करतो" असं म्हणत शेडभर पळत होता. दादा वर अडकून बसला होता. गुडघे सोडवायला त्याला वेळ लागायचा.

वहिनी वरून उतरल्या. "सरका," त्या म्हणाल्या. दादा कसाबसा खाली आला. वहिनी वर चढल्या, क्लच दाबला, सर्वात वरचा गिअर टाकला, ब्रेकवर पाय रोवला आणि क्लच सोडून दिला. व्हॅनने एक हिसका दिला आणि इंजिन मेलं. कड्या वाजायच्या थांबल्या.

"वर दूध ठेवलंय," असं म्हणून त्या निघून गेल्या.

आम्ही तिघं उभे होतो. गरम लोखंडाची टिकटिक चालू होती.

"हिला कसं कळलं?" दादाने विचारलं.

बोल्ट पाना शोधू लागला. पाना त्याच्या हातात होता.

शनिवारी आम्ही निघालो. दादा चालवत होता, मान खांद्यावर, जणू फोनवर कोणाचं तरी खूप लांबलेलं ऐकत असावा. शेजारी बोल्ट. मागे पडद्यांच्या दांड्यांमध्ये वहिनी आणि मी. ती विसरलेली तार आता लागली होती; तिच्या टोकाला हातात धरायला काही हवं म्हणून वहिनींनी पडद्याची मखमली दोरी बांधली होती, लाल गोंड्यासकट.

तपासणीचा इन्स्पेक्टर सर्दी झालेला, किरकोळ माणूस होता. तो गाडीभोवती फिरला, खाली वाकला, पुन्हा फिरला.

"हा गोंडा कसला?"

"इंजिन बंद करायचा," बोल्ट म्हणाला.

इन्स्पेक्टरने गोंडा ओढला. इंजिन बंद पडलं. त्याने फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि नाक पुसलं. ब्रेक बघितले, धूर बघितला, दिवे बघितले. सगळं ठीक. दादाचा श्वास मोकळा होत होता. मग इन्स्पेक्टर ड्रायव्हरच्या खिडकीशी आला.

"सरळ बसा."

"बसलोय."

"मान सरळ करा."

"मान अशीच आहे."

"जन्मापासून?"

"रविवारपासून," दादा म्हणाला.

इन्स्पेक्टरने पेन टोपणात घातलं. "गाडीत दोष नाही. पण ज्याला उजवीकडचा आरसा दिसत नाही अशा ड्रायव्हरला घेऊन ही गाडी मी पास करू शकत नाही. चाचणी द्यायची तर सरळ बसणारा माणूस आणा. लायसन्सवाला. काम केलेला मेकॅनिक चालत नाही, नियम आहे. साडेअकराला मी बंद करतो."

सव्वाअकरा झाले होते. मला गाडी येत नाही. दादाने अजूनही स्टिअरिंग सोडलं नव्हतं; दोन्ही हातांनी धरून तो समोरच्या पट्टीकडे बघत होता. "टेम्पो," तो एवढंच पुटपुटला.

मागचं दार उघडलं. वहिनी उतरल्या, साडीचा पदर खोचला, पर्स माझ्या हातात दिली आणि तिच्यातून एक कार्ड काढून इन्स्पेक्टरच्या फॉर्मवर ठेवलं. मग त्या दादाच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दादा खाली उतरला. त्याने काही विचारलं नाही. विचारायला लागणारं यंत्र बंद पडलं होतं.

वहिनी बसल्या आणि आरसा एका बोटाने जागेवर आणला. डोकं आणि छत यांच्यात एक वीतभर जागा होती. पुढची दहा मिनिटं मी त्यांच्याकडे न बघता दादाकडे बघत होतो, कारण तिथे जास्त घडत होतं. वहिनींनी खांबांमधून व्हॅन नागमोडी काढली, तेव्हा त्याचे ओठ हलले. चढावर थांबवून इंचभरही मागे न जाता उचलली, तेव्हा तो भिंतीला टेकला. आणि शेवटी त्यांनी ती अरुंद जागेत, एकदाही मागे न वळता, नुसत्या आरशांवर, उलटी घालून उभी केली, तेव्हा त्याने मला विचारलं, "ही कोण आहे?"

"किती वर्षं चालवताय?" इन्स्पेक्टरने शिक्का मारता मारता विचारलं.

"अकरा," वहिनी म्हणाल्या.

परत येताना दादा डाव्या सीटवर बसला. पट्टा नेहमीच्या बाजूला चाचपडत राहिला. तो दुसरीकडे होता. दोन चौक मागे पडले.

"कुठे शिकलीस?" तो म्हणाला.

"याच व्हॅनवर. यानेच शिकवलं." वहिनींनी मागच्या भावाकडे मानेने खुणावलं. भाऊ दांड्या मोजू लागला.

"कधी?"

"तुम्ही जेवून दोन ते चार झोपता ना, तेव्हा."

"रोज?"

"अहो, मापं घ्यायला कोण जातं वाटलं तुम्हाला? खिडक्या काही दुकानात येत नाहीत."

"मला वाटलं, बसने जातेस."

"नमुन्यांची तीन पुस्तकं घेऊन? बसने?" त्यांनी गिअर बदलला. "पूर्वी दोन उशा घ्याव्या लागायच्या खाली. आता छान दिसतं सगळं."

दादा बाहेर बघत होता. "किल्ली माझ्या खिशात असते."

"तुमची."

"आणि मीटर? किती किलोमीटर झाले ते मी रोज बघतो."

"मीटरची केबल काढता येते, दाजी," मागून बोल्ट अगदी हळू म्हणाला. "एकच नट असतो."

पुढचा सिग्नल लाल होता. व्हॅन थांबली, तिच्याबरोबर आम्ही सगळे थरथरत होतो.

"मापांना एवढी टाकी लागत नाही," दादा म्हणाला.

"कधी कधी तळ्यापर्यंत जायचे."

"तिथे कोणाची खिडकी आहे?"

"कोणाची नाही."

दादाने हे ऐकून घेतलं. मग तो अत्यंत सावकाश वळून मागे बघू लागला, आणि पहिल्यांदाच त्याची मान सरळ होती.

"म्हणजे इंजिन ठीक होतं."

"एकदम," बोल्ट म्हणाला.

"आणि तू सात आठवडे काम केलंस."

"मी विचारलं होतं, नक्की ना म्हणून. तुम्ही म्हणालात, मी काय गंमत करतोय."

"आणि तू?" त्याने वहिनींना विचारलं. "तुला सांगता आलं नाही?"

"सांगणार होते त्याच बुधवारी," वहिनी म्हणाल्या. "पण सांगितलं असतं तर तुम्ही किल्ली उशीखाली ठेवली असती."

हे खरं असावं, कारण दादा पुन्हा बाहेर बघू लागला. सिग्नल हिरवा झाला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सीट खाली घेता येईल का?"

"इंजिन काढलं तर," बोल्ट म्हणाला.

घर आल्यावर वहिनींनी गोंडा ओढला. इंजिन बंद झालं, पण दादा उतरला नाही. वहिनी उतरून वर गेल्या, बोल्ट गॅरेजला गेला, तरी तो डाव्या सीटवर बसून होता, उजवीकडच्या उंच रिकाम्या सीटकडे बघत. मी चहा आणून दिला. तो त्याने तिथेच प्यायला.

सोमवारपासून पडदे वहिनी पोचवतात, आणि दादा शेजारी बसून दांड्या धरतो. दुपारी इस्त्री तोच करतो.

जुनं पेट्रोल इंजिन बोल्टने स्वतःच्या व्हॅनमध्ये बसवलंय. भरलेली टाकी त्याला नऊ दिवस पुरते.